पथकांच्या निशाणांना नोंदवही हवी

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पाडव्याच्या शोभायात्रेत दोन ढोल-ताशा पथकांची निशाणं जवळजवळ एकसारखी निघाली आणि ठाकुरद्वारच्या नाक्यावर त्यांच्यात जुंपली, ही बातमी आपण छापली होती. त्यावर एका वाचकांनी पत्रातून विचारलं, की हौसेच्या कामाला नियम हवेत कशाला? पोरं नोकऱ्या सांभाळून सरावाला येतात, त्यांच्यामागे नोंदणीचं झेंगट लावलं तर उद्या पथकंच निघायची नाहीत. मला हे पटलं नाही. का पटलं नाही ते जरा ऐसपैस लिहिते आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर मधला घोड्याचा किस्सा खुशाल उडवा, नियमांना हात लावू नका.

मी ट्रेडमार्क नोंदणीत परीक्षक होते, अँटॉप हिलच्या कार्यालयातून निवृत्त झाले. अर्जात आलेलं चिन्ह आधीच्या नोंदींशी ताडून पाहायचं आणि फार सारखं असेल तर कारण देऊन हरकत काढायची, हेच काम नोकरीभर केलं. दोन चिन्हं शेजारी-शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं जाई. गिऱ्हाईक दुकानात शिरतं तेव्हा त्याच्या डोक्यात पहिल्या चिन्हाची अर्धवट आठवण असते. त्या अर्धवट आठवणीला दुसरं चिन्ह चकवेल का, एवढंच बघायचं. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६२ साली न्यायालयाने याच कसोटीवर ती नावं घोटाळा व्हावा इतकी सारखी ठरवली. मिरवणुकीतल्या माणसाची अवस्था तर गिऱ्हाइकाहून बिकट. डोळ्यांवर ऊन, कानात ताशा, आणि निशाण वाऱ्यावर फडफडतंय. एकाच्या तलवारीची मूठ गोल आणि दुसऱ्याची चौकोनी, हा बारकावा तिथे कोण बघतो?

आता माझ्या भाचीविषयी. ती कॅलिफोर्नियात असते आणि तिथे एका मध्ययुगीन हौशी मंडळात जाते. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम हे त्या संस्थेचं लांबलचक नाव, सगळे एससीए म्हणतात. १ मे १९६६ रोजी बर्कलीत एका घराच्या परसात जुन्या काळचे पोशाख घालून जमलेल्या मंडळींनी ती सुरू केली. (आपल्याकडे त्या दिवशी महाराष्ट्र दिन साजरा होत होता.) आज तिची वीस ‘राज्यं’ आहेत. वेताच्या तलवारींनी लढून जो जिंकतो तो काही महिन्यांपुरता राजा होतो, आणि ही सगळी माणसं एरवी बँकेत, दवाखान्यात, संगणकावर काम करणारी. ऐकायला पोरखेळ वाटेल. पण भाचीने त्यांची नाव आणि निशाण नोंदवण्याची नियमावली वाचायला पाठवली आणि मी चष्मा पुसून बसले. आमच्या खात्यात याहून ढिसाळ लिहिलेले आदेश मी पाहिलेले आहेत.

तिथे ज्याला हवं त्याला स्वतःचं मध्ययुगीन नाव आणि ढालीवरचं चिन्ह नोंदवता येतं. अर्ज आधी स्थानिक जाणकाराकडे जातो. त्यांना हेरल्ड म्हणतात. तिथून तो राज्याच्या हेरल्डकडे जातो. मग ठिकठिकाणचे हेरल्ड त्यावर मतं नोंदवतात, आणि शेवटी ‘लॉरेल’ या प्रमुख पदाच्या कचेरीतून निर्णय येतो. दर महिन्याचे निर्णय प्रसिद्ध होतात. कोणतं मंजूर, कोणतं परत, आणि परत तर का परत, हे सगळं त्यात उघड. आमच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये जाहिरात आल्यावर कोणालाही चार महिन्यांत विरोध नोंदवता येतो, त्याच घराण्यातली ही पद्धत.

भाचीला नाव हवं होतं जिजाबाई जाधव. परत आलं असतं हे मी अर्ज जाण्याआधीच सांगितलं, कारण इतिहासातल्या ठळक व्यक्तीचं नाव जसंच्या तसं घेता येत नाही, आणि सिंदखेडच्या जाधवांची लेक जिजाबाई म्हणजे कोण हे सांगायला नको. पहिलं नाव ठेवता येतं, जोड बदलावी लागते. पण जोडीलाही पुरावा लागतो. नाव १६०० च्या आधीचं असावं, १६५० पर्यंतचा पुरावा चालवून घेतात. एकाच भाषाप्रदेशातली दोन नावं जोडली तरी त्यांच्या पुराव्यांत पाचशे वर्षांहून जास्त अंतर नको. पुरावा म्हणजे ‘आजी म्हणायची’ असा नव्हे. ग्रंथातल्या त्या पानाची आणि मुखपृष्ठाची प्रत जोडायची. मग मावशी कामाला लागली. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून मी छापील जुने कागद चाळले. त्यात पुरुष ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकाचा मुलगा, आणि बायका ‘अमुक कोम तमुक’ म्हणजे तमुकाची बायको, अशा नोंदल्या आहेत. भाची अविवाहित. ती म्हणाली, मावशी, मी कोणाची कोम लावू? तिला गावावरून नाव हवं आहे, चौलचं, कारण पोर्तुगीजांमुळे ते बंदर युरोपला ठाऊक होतं. पण त्या काळच्या बाईचं नाव गावासकट सापडणं कठीण. शोध चालू आहे, आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर इतकं चांगलं काम मला दुसरं कोणी दिलेलं नाही.

चिन्हाचे नियम नावापेक्षा रंजक आहेत. रंगांचे दोन गट. पिवळा आणि पांढरा हे ‘धातू’, म्हणजे सोनं-चांदी. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. निळ्यावर हिरवं मोरपीस काढाल तर परत, पांढऱ्यावर काढाल तर चालेल. कारण साधं, रणांगणावर लांबून ओळखू आलं पाहिजे. दुसरा नियम गर्दीचा. चिन्हात किती प्रकारच्या वस्तू आणि किती रंग, यांची बेरीज आठाच्या वर गेली तर मंजुरी अवघड. मी गंमत म्हणून शोभायात्रेतल्या एका निशाणाला हे गणित लावलं. जिरेटोप, तलवारी, ढाल, सूर्य, गड, वाघ. वस्तू सहा, रंग पाच, बेरीज अकरा. शिवाय खाली पुरस्कर्त्याचं नाव. एकाच गटात तीन वेगवेगळ्या वस्तू मांडल्या तरी ते परत करतात, आणि जुगाराच्या यंत्रावरून त्या प्रकाराला आपसात ‘स्लॉट मशीन’ म्हणतात.

मग सारखेपणा. नव्या चिन्हात आधी नोंदलेल्या प्रत्येक चिन्हापासून दोन ठळक फरक तरी हवेत. पार्श्वभूमीचा रंग बदलला की एक, वस्तूंची संख्या बदलली की एक, मांडणी बदलली की आणखी एक. मुख्य वस्तूच पूर्ण वेगळी असेल तर तेवढा एक फरकही पुरतो. पण सिंहाची आयाळ कशी रंगवली किंवा शेपूट किती वळवलं, याला फरक मानत नाहीत. ती चित्रकाराची मर्जी. तिथे नोंद चित्राचीच होते, पण त्या चित्राचं ठरावीक शब्दांत वर्णन करता आलं पाहिजे, अशी अट असते. ‘निळ्यावर सोनेरी तिरका पट्टा’ एवढं लिहिलं की कुठल्याही चित्रकाराला ती ढाल काढता आली पाहिजे. आमच्याकडे नुसतं चित्र चिकटवून अर्ज येत आणि त्यात नेमकं काय राखीव आहे यावर पुढे वर्षानुवर्षं वकील पोसले जात. चित्राला शब्दांची जोड द्यायची रीत मला आमच्या रीतीपेक्षा सरस वाटली.

तिरक्या पट्ट्यावरून घोडा. १३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला, तेव्हा त्याच्याच सैन्यात दोघांच्या ढाली सारख्या निघाल्या, निळ्यावर सोनेरी तिरका पट्टा. एक रिचर्ड स्क्रोप, दुसरा रॉबर्ट ग्रोव्हनर. खटला उभा राहिला, शेकडो साक्षी झाल्या. कवी चॉसरनेही १३८६ साली साक्ष दिली. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर एका खाणावळीबाहेर ती ढाल टांगलेली पाहून त्याने विचारलं, ही स्क्रोपची ढाल इथे कोणी लावली? तेव्हा त्याला उत्तर मिळालं, ही स्क्रोपची नव्हे, ग्रोव्हनरची. म्हणजे घोटाळा होतो याचा पुरावा खुद्द कवीच्या तोंडून. असा साक्षीदार मला नोकरीत एकदा तरी मिळायला हवा होता. निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. ग्रोव्हनरला पांढरी किनार लावून तेच चिन्ह वापरायची मुभा देऊ केली होती, ती त्याने नाकारली आणि गव्हाची सोनेरी पेंढी घेतली. पण सल गेला नाही. पाच शतकांनी त्याच घराण्यातल्या वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने आपल्या शर्यतीच्या घोड्याचं नाव ठेवलं ‘बेंड ऑर’, म्हणजे सोनेरी तिरका पट्टा, आणि तो घोडा १८८० ची एप्सम डर्बी जिंकला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मी कधी पाऊल टाकलेलं नाही, पण या घोड्यावर मी पैसे लावले असते.

चिन्हासाठी माणसं किती पेटतात हे मुंबईकराला इंग्लंडातून शिकायची गरज नाही म्हणा. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवून एका गटाला मशाल आणि दुसऱ्याला ढाल-तलवार दिली, तेव्हाची शहरातली धांदल सर्वांनी पाहिली आहे. तिथे निदान आयोग होता, १९६८ चा चिन्हांचा आदेश होता. ठाकुरद्वारच्या नाक्यावर काय होतं? दोन्ही पथकांचे प्रमुख ‘आम्ही आधी घेतलं’ म्हणत होते, आणि कोणाकडेही तारीख लिहिलेला कागद नव्हता.

एससीएचा मला सर्वांत आवडलेला नियम पदव्यांचा. एकदा राजा झालेला माणूस पुढे काउंट म्हणवतो, दोनदा झालेला ड्यूक. ज्याने ते कमावलेलं नाही त्याला नावात तसली पदवी घुसवता येत नाही, आणि ढालीवर मुकुटही काढता येत नाही. लॉरेल नावाच्या झाडाच्या पानांचं कडं तर फक्त शाखांच्या चिन्हांसाठी राखून ठेवलेलं, व्यक्तीला ते मिळतच नाही. आता आपल्या शोभायात्रेकडे बघा. वर्गणी गोळा करणारा सरनोबत, बुलेटवर पुढे बसलेला सरसेनापती, आणि फ्लेक्सवर तर राजे आणि युवराज यांची अशी दाटी की रयत शोधावी लागते. हंबीरराव मोहित्यांनी सरनोबतीसाठी काय केलं आणि तुम्ही काय केलंत, असं विचारणारं कोणीतरी असायला हवं.

तरीही त्यांची नियमावली जशीच्या तशी उचला असं मी म्हणत नाही. उचलली तर पहिल्याच पानावर अडकाल, कारण त्यांच्या रंगांच्या यादीत केशरी नाहीच. भगवा तिथे नोंदवता येणार नाही. स्वस्तिकही नाही. नाझींमुळे तिकडे ते सरसकट बंद आहे. भाचीने दाराच्या उंबऱ्यावर काढतो तसं छोटं स्वस्तिक काढायचं म्हटलं, तेव्हा तिच्या हेरल्डने शांतपणे समजावलं. तिला वाईट वाटलं, मला राग आला, पण मुद्दा त्यांचा बरोबर आहे. निशाण बघणारा काय समजेल यावर नियम ठरतो, काढणाऱ्याच्या मनात काय होतं यावर नाही. त्यांच्या मैदानातले बघे वेगळे, आपल्या रस्त्यावरचे वेगळे. म्हणून आपले नियम आपल्या पुराव्यावर बेतायला हवेत.

आणि आपल्याकडे पुराव्याची वाण नाही. देवकं घ्या. मोऱ्यांचं मोरपीस, कदमांचा कळंब. देवक जुळलं तर सोयरीक होत नाही, म्हणजे कोणाचं काय हे प्रत्येक घराला तोंडपाठ असायचं. ती नोंदणीच होती, फक्त कागदावर नव्हती. परक्याने आपल्यासाठी चिन्हं बेतली की काय होतं तेही पाहून झालं आहे. १८७७ च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने संस्थानिकांना रेशमी झेंडे वाटले. त्यांवरची चिन्हं रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याने रचली होती. घराण्यांच्या दंतकथा त्याने वापरल्या, पण साचा युरोपच्या ढालीचाच. उलट उदाहरण ताजं आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. एकच आकार, लांबून ओळखू येणारा, आणि त्यामागे दाखवायला मूळ मुद्रा आहे.

तेव्हा सूचना अशी. गिरगाव, दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली इथल्या यात्रा समित्यांनी मिळून एक नोंदवही ठेवावी. दिवाळीनंतर पथकांनी नाव आणि निशाण द्यावं, संक्रांतीपर्यंत ते सर्वांना पाहायला खुलं ठेवावं, हरकती घ्याव्यात आणि निर्णय कारणासह लिहावा. दोन ठळक फरकांची अट घालावी. ज्यांची निशाणं आज चालू आहेत ती पहिल्या वर्षी तशीच नोंदवावीत. एससीएतही नियम बदलला म्हणून जुनी नोंद काढून घेत नाहीत. एकाच पथकाच्या दोन शाखांना सारखं निशाण हवं असेल तर आधीच्या नोंदधारकाचं संमतीपत्र पुरे. ट्रेडमार्कमध्येही ते चालतं.

काही गोष्टी मात्र कोणाच्याच नावावर लावू नयेत. भगवा सर्वांचा. गर्जना, रुद्र, शौर्य असले शब्दही सर्वांचे, त्यांच्यापुढे वेगळी जोड हवी. राजमुद्रा कोणाचीच नाही, ती ज्यांची होती त्यांचीच. महाराजांचं नाव आणि चित्र तर १९५० च्या चिन्ह आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. व्यापारासाठी ते वापरू पाहणारे अर्ज आम्ही परत करत असू, पथकाच्या टी-शर्टची विक्री हाही व्यापारच. पथकाच्या प्रथमोपचार गाडीवर पांढऱ्यावर लाल क्रूस काढतात, तोही थांबवावा. एससीएत तो बंद आहे तो जिनिव्हा कराराला मान म्हणून, आणि आपल्याकडे १९६० चा स्वतंत्र कायदाच आहे. हे डॉक्टरांच्या स्कूटरवर पाहूनही कोणाला खटकत नाही, पण तो निराळ्या पत्राचा विषय.

रंगाबद्दल एकच सांगते. भगव्यावर पिवळा दिसत नाही. जरीपटक्याची गोष्ट वेगळी, जर उन्हात चमकते, पण फ्लेक्सवरचा पिवळा चमकत नाही, नुसता विरतो. पांढरा किंवा काळा वापरा, मेट्रोच्या खांबापलीकडूनही दिसेल.

पत्रलेखक वाचकांना भीती आहे ती कचेरीची. माझ्या अंदाजाने या कामाला एक वही, एक टेबल आणि आडमुठेपणा न करणारी दोन-तीन माणसं लागतील. त्यांतली एक मी व्हायला तयार आहे, विनामूल्य. संपादकांकडे माझा पत्ता आहे, समितीला हवा असल्यास द्यावा. माझी अट एकच. फ्लेक्सची फाईल मोबाइलवर पाठवू नये. निशाण साध्या कागदावर रेघांनी काढून आणावं आणि त्याच्याखाली ते दोन ओळींत शब्दांनी लिहावं. दोन ओळींत बसत नसेल तर घरूनच एखादी तलवार कमी करून यावं.

आपली,
एक निवृत्त ट्रेडमार्क परीक्षक,
परळ, मुंबई